साडेबाराची उडी

१. ओला चौकोन

टेबल रिकामं होतं.

अगदी रिकामं नव्हे म्हणा. माझा अर्धवट बिस्किटांचा पुडा होता, आत्याचं चष्मा पुसायचं फडकं होतं आणि मधोमध एक ओलसर चौकोन होता. सकाळपर्यंत त्या चौकोनावर बोटीची जुनी नोंदवही होती. मेणकापडात गुंडाळलेली, वर शिशाचं जड वजन ठेवलेली. आता वही नाही, मेणकापड नाही, वजनसुद्धा नाही.

मी अशी किंचाळले की धक्क्यावरची कबुतरं उडाली. बोटीवर सगळे मला टिटवी का म्हणतात, ते यावरून कळावं.

"काय झालं गं? शिडीवरून पडलीस की काय?" वर धक्क्यावर बाबा उभे होते.

"वही गेली, बाबा!"

ते लोखंडी शिडीवरून भराभर खाली आले. टेबलाकडे बघून त्यांनी कपाळाला हात लावला आणि कपाळावर हिरवा पट्टा उमटला. शिडीला बुळबुळीत शेवाळ होतं. माझेही तळवे आणि गुडघे हिरवेगार झाले होते. एरवी मी पोट धरून हसले असते.

"अशी कशी जाईल? साडेबाराला तर होती!" बाबा म्हणाले. "टोपी घ्यायला आलो होतो ना मी. दोन्ही हातांत आइस्क्रीमचे कोन, एक पाय धक्क्यावर, टुणकन उडी, की डेकवर! खुंटीवरची टोपी करंगळीनं उचलली. खिडकीतून वही दिसली की मला. ऐटीत बसली होती."

बाबा साधं दूध उतू गेल्याचं सांगतानाही हातवारे करतात, त्यामुळे मी फक्त कामाचं तेवढं डायरीत लिहून घेतलं: '१२.३० : वही जागेवर (बाबा)'. सारांशलेखनात मला पैकीच्या पैकी मार्क असतात. त्याचं एवढं वाईट फळ मिळेल असं वाटलं नव्हतं.

आता ही वही एवढी मोलाची का, ते सांगते.

आत्या, बाबा, मिस्त्रीकाका आणि इतिहासमावशी ही चौघं शाळेपासूनची टोळी. आत्या सगळ्यांत मोठी. दर वर्षी चौघं ही बोट घेऊन किनाऱ्याकिनाऱ्यानं, खाड्यांमधून हिंडतात, जुन्या गावांमध्ये उतरतात, पडक्या भिंतींसमोर उभं राहून भांडतात. कप्तान आत्या असायची. सहा वर्षांपूर्वी एका गावी तिला सणकून ताप भरला आणि ती केबिनमध्ये पडून होती. कोणीतरी ऐन भरतीच्या वेळी बोट धक्क्याला बांधली, पण दोराला ढील ठेवली नाही. पाणी ओसरू लागलं, बोट दोराला लटकली, खुंटा उखडला आणि सुटलेली बोट एका छोट्या होडीवर जाऊन आदळली. होडीवाल्याचा उजवा हात मोडला. तो पुन्हा कधी नीट जोडला गेला नाही.

बोटीचा नियम असा की जो दोर बांधेल त्यानं नोंदवहीत स्वतःच्या हातानं तसं लिहायचं. पण नेमकी वही गायब. मग ठरलं की तापाच्या भरात आत्याच उठली आणि तिनंच बांधली. तिचा परवाना गेला. तेव्हापासून सुकाणू बाबांकडे, आणि आत्या बंदराच्या खिडकीत बसून तिकिटं फाडते.

या वर्षी मिस्त्रीकाकांनी झोपायच्या बाकाची फळी काढली आणि मागे वही सापडली. ओलीनं पानं चिकटलेली. इतिहासमावशीला जुन्या कागदांची सवय, ती रोज दोन-तीन पानं सुटी करत होती. उद्या त्या दिवसाचं पान उघडणार होतं. सोमवारी याच गावच्या बंदर कार्यालयात आत्याची सुनावणी होती.

आणि आज शनिवारी, दुपारी सव्वा वाजता, वही नाही.

मी केस घट्ट बांधले. नववीच्या वर्गात मी मधल्या सुट्टीत हरवलेली चार पेनं आणि एक डबा शोधून दिलाय. हेही शोधणारच होते.

२. पोतं खाली येतं

बंदर कार्यालयातून आत्या आली. मी तिला थेट डायरी दाखवली. ती वाचून बाकावर बसली आणि स्वतःच्या हातांकडे बघत राहिली. ही तिची जुनी सवय. मग म्हणाली, "कोणीही बोट सोडून जायचं नाही."

"ताई, बोट हलवायला हवी," बाबा म्हणाले. "दोनच्या आत निघालो नाही तर चिखलात बसेल. पुढच्या धक्क्यावर जाऊन निवांत शोधू."

"बसू दे."

"अगं, पण..."

"धाकट्या, बसू दे म्हटलं ना."

तेवढ्यात वरून हाक आली, "मला कोणी खाली घेणार आहे का, की मी इथेच म्हातारी होऊ?"

इतिहासमावशीचे गुडघे दुखरे. सकाळी नऊच्या भरतीला ती धक्क्यावर आरामात पाऊल टाकून उतरली होती, आता बोट आठेक फूट खाली गेलेली. तिच्या कमरेला दोर बांधून वरून बाबा आणि खालून आम्ही, अशी ती उतरवली.

"हळू! मी काय धान्याचं पोतं आहे?"

"पोतं एवढं बोलत नाही," शिडीवरून मागोमाग येणारे मिस्त्रीकाका म्हणाले. ते दिवसाकाठी अशी दोनच वाक्यं बोलतात. उरलेला वेळ त्यांच्या तोंडात पेन्सिल असते.

मी एकेकाला केबिनमध्ये बोलावलं. कुलूप फोडलेलं नव्हतं. किल्ली डेकवरच्या कॉफीच्या डब्यात असते, हे आम्हा पाचही जणांना माहीत. म्हणजे चोर बाहेरचा नव्हता. या विचारानं मला आधी शहारा आला आणि मग, खरं सांगते, थोडी मजाही वाटली.

"साडेबारानंतर कुठे होतीस?" मी मावशीला विचारलं.

"जुन्या जकातघरात. तिथल्या पहारेकऱ्याला विचार. त्याला मी त्याच्याच इमारतीचा इतिहास पाऊण तास ऐकवला, बिचारा पळून जाणार कुठे?" तिनं माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "आणि पुढचा प्रश्नही विचार. मी बांधली होती का बोट तेव्हा?"

"बांधली होतीस?"

"मी झोपले होते. उठले तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. तुझ्या बाबांनी सांगितलं, ताईनं बांधली म्हणून."

मिस्त्रीकाकांनी पेन्सिल कानामागे सरकवली. "गावात होतो. जुने दरवाजे बघत."

"आणि सहा वर्षांपूर्वी?"

"खिळे आणायला गेलो होतो. परत आलो तर गर्दी. तुझे बाबा म्हणाले, ताईनं बांधली." ते थांबले. "मी ते कधी मानलं नाही. ताई तापात काय, झोपेतसुद्धा ढील ठेवेल."

बाबांचा जबाब घेण्याचा प्रश्नच नव्हता. पावणेएक ते सव्वा ते माझ्यासोबत होते. घड्याळाच्या मनोऱ्याखाली आम्ही आइस्क्रीम खाल्लं, मी फोटोही काढला. वही साडेबाराला होती, सव्वाला नव्हती. आत्या बंदर कार्यालयात होती, आणि वही तर तिलाच हवी होती. म्हणजे राहिले दोघं. त्यातल्या मावशीला साधी शिडी उतरता येत नाही.

राहिला एक. आणि केबिनमधून निघताना मला त्याच्या पँटचे गुडघे दिसले. दोन्ही गुडघ्यांवर शेवाळ होतं, वाळून कडक झालेलं. आत्ता उतरताना लागलेलं असतं तर ओलं असतं.

३. मी चुकते

मी डेकवर सगळ्यांना गोल बसवलं. वक्तृत्व स्पर्धेत उभी राहते तशी उभी राहिले.

"काका, तुम्ही मघाशी एकदा बोटीवर येऊन गेलात. हो ना?"

त्यांनी मान हलवली. "एक वाजता. मोजपट्टी राहिली होती."

"मग मला सांगितलं का नाही?"

"तू विचारलंस कुठे होता. गावातच होतो. पट्टी घेतली, परत गेलो."

"कुलूप उघडलं, वही घेतली आणि परत गेलात! कारण त्या पानावर तुमचं नाव आहे."

बाबा हळूच म्हणाले, "मिस्त्री, असेल तर सांगून टाक रे. आपणच आहोत." ते इतक्या मायेनं बोलले की मला त्यांचा अभिमान वाटला.

मिस्त्रीकाका रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त खिशातून मोजपट्टी काढली आणि डेकवरच्या पेटीत ठेवली. "पट्टी इथे असते. केबिनमध्ये जावं लागत नाही. आणि टिटवे, ती वही मीच शोधली. एकटा होतो तेव्हा. लपवायची असती तर फळी परत ठोकली असती."

हे मला सुचायला हवं होतं. अगदी पहिलीतल्या मुलीलाही सुचलं असतं. माझे कान तापले.

"शाब्बास गं बाई," इतिहासमावशी पुटपुटली. "आता माझ्यावर घे. मी वहीच्या आशेनं शिडीवरून उडत आले."

आत्यानं मला हात धरून शेजारी बसवलं. "चुकलीस. माफी माग आणि पुन्हा विचार कर. रडत बसायला वेळ नाही."

मी काकांची माफी मागितली. ते म्हणाले, "गुडघे चांगले पाहिलेस पण."

आणि ते वाक्य माझ्या डोक्यात अडकून बसलं.

४. पांढरी पँट

गुडघे! काका एक वाजता शिडी उतरले, त्यांचे गुडघे हिरवे. सव्वाला मी उतरले, माझे हिरवे. म्हणजे दुपारी जो जो या बोटीवर आला त्याला शेवाळ लागलंच पाहिजे.

मी केबिनमध्ये जाऊन मोबाइल उघडला. पावणेएकचा फोटो. मनोऱ्याखाली बाबा, दोन्ही हातांत कोन, डोक्यावर कापडी टोपी. अंगात त्यांची लाडकी पांढरी पँट. मी फोटो मोठा केला. गुडघे, पावलं, मनगटं, सगळीकडे शोधलं.

एक डाग नाही. पँट बगळ्यासारखी पांढरी. फक्त टोपीला चार घड्या पडल्या होत्या, खुंटीवरची नव्हे, खिशात दुमडून ठेवलेली असावी तशा.

मला वाटलं, मी पुन्हा चुकत असेन. चुकायलाच हवं होतं मला. मी बाहेर येऊन आत्याच्या कानाशी विचारलं, "साडेबाराला आपला डेक धक्क्यापासून किती खाली असेल?"

आत्यानं भिंतीवरच्या ओल्या खुणा पाहिल्या. "माझ्या उंचीएवढा. का गं?"

'एक पाय धक्क्यावर, टुणकन उडी, की डेकवर.'

माणसाच्या उंचीएवढं खाली, दोन्ही हातांत कोन घेऊन? आणि परत वर, टोपीसकट, एक थेंब न सांडता? ही उडी शक्यच नव्हती. पण बाबांनी ती इतकी बारीकसारीक सांगितली, कारण ती खोटी नव्हतीच. खरी होती, फक्त कोन मागून घातलेले होते आणि वेळ साडेबाराची नव्हती. सकाळी नऊला डेक आणि धक्का एका पातळीत होते. आम्ही उतरल्यावर बाबा म्हणाले होते, "व्हा पुढे, कुलूप नीट बघून येतो," आणि चांगली दहा मिनिटं लावली होती.

उडीची ही गोष्ट त्यांनी फक्त मला सांगितली. आत्यानं ऐकलं असतं तर तिथल्या तिथे पकडलं असतं. काकांनीही. मी पहिल्यांदाच बोटीवर आलेली, मला भरती-ओहोटीचं गणित कुठलं? वर मी त्यांच्या शब्दावर माझा सगळा तपास उभा केला, आणि आइस्क्रीम खात खात त्यांची साक्षीदार झाले. कोन वितळत होता म्हणून मी घाईघाईनं चाटत होते. बाबा हसत होते.

मी परत केबिनमध्ये येऊन फोटो बघत होते, तेवढ्यात दाराशी सावली पडली.

"काय बघतेस एवढं मोबाइलमध्ये?" बाबांनी विचारलं.

५. पाणी उतरतं

"आपला फोटो," मी म्हणाले. माझा आवाज टिटवीचा नव्हता, कोणा भलत्याच पक्ष्याचा होता.

मी त्यांच्या बाजूनं निसटून डेकवर आले. पावणेतीन वाजत होते. बोट चिखलात टेकून किंचित कलली होती.

"चोराला वही पळवायची असती," मी सगळ्यांना म्हणाले, "तर त्यानं शिशाचं वजन कशाला नेलं असतं? वजन वही बुडवायला नेलं. या बाजूनं, धक्क्यावरून दिसणार नाही अशा. सकाळी भरतीला, पाणी भरपूर होतं तेव्हा. दोनच्या आत आपण इथून निघून गेलो असतो, तर वही कोणाला दिसली नसती."

"दोनच्या आत," इतिहासमावशी सावकाश म्हणाली, आणि तिची मान वळली. मिस्त्रीकाकांचीही.

"काहीतरीच," बाबा म्हणाले. "टिटवे, खेळ पुरे झाला हं."

"मग थांबू या ना, बाबा. पाणी अजून उतरतंय."

आम्ही कठड्याशी उभे राहिलो. पाणी इंचाइंचानं मागे सरकत होतं. आधी एक तुटका डबा दिसला, मग गंजलेली साखळी. मी मनात म्हणत होते, नसू दे, तिथे काहीही नसू दे, मी सगळ्यांसमोर पुन्हा तोंडावर आपटले तरी चालेल. आणि मग चिखलातून मेणकापडाचं एक टोक वर आलं. काळं, चकचकीत. दोरीनं वजन बांधलेलं.

मिस्त्रीकाका गुडघाभर चिखलात उतरले. गाठोडं डेकवर ठेवलं. दोरीची गाठ बघून बाबांना म्हणाले, "ही गाठ मीच शिकवली होती. तुला."

मी कोणाचंच नाव घेतलं नाही. मोबाइल पुढे केला आणि उडीची गोष्ट पहिल्यांदा, काहीही न गाळता, पूर्ण सांगितली.

बाबांनी हातवारे केले नाहीत. "पान अजून उघडलेलं नाही," एवढंच म्हणाले.

"पानाचं राहू दे," आत्या म्हणाली. तिनं दोन्ही हात त्यांच्यासमोर धरले, तळवे वर करून. "एकच सांग. मी त्या दिवशी उठले होते का? सहा वर्षं मी आठवून बघतेय, धाकट्या. रोज. हा दोर मी ओढला, ही गाठ मी मारली. आठवतच नाही. तू म्हणालास, ताई, तू उठली होतीस, मी पाहिलं. म्हणून मी मानलं. त्या होडीवाल्याच्या घरी जाऊन मी याच हातांनी त्याचे पाय धरले. मी उठले होते का?"

बाबांनी पाण्याकडे बघितलं. तिथे आता पाणी नव्हतंच.

"नाही," ते म्हणाले. "नाही, ताई."

६. ढील

रविवारी बोटीवर कोणी भांडलं नाही. भिंतींवरूनसुद्धा नाही. बाबा एकदाच माझ्याशी बोलले. "उद्या तू बाहेर थांब. तिथे लहान मुलांचं काम नसतं."

"पेनं शोधून देते तेव्हा मी मोठी असते," मी म्हणाले. आणि गेले.

बंदर कार्यालयातल्या साहेबांनी हातमोजे घालून वही उघडली. इतिहासमावशीनं आदल्या दिवशी जिवाचं रान करून ते पान सुटं केलं होतं. पण मेणकापडात पाणी शिरलंच होतं. पानावर अक्षर नव्हतं, सही नव्हती. एक मोठा निळा डाग होता.

"यावरून काहीच ठरवता येणार नाही," साहेब म्हणाले. "कोणाला काही सांगायचंय?"

डेकवरचं 'नाही' हे घरातलं होतं, इथे त्याची नोंद नव्हती. बाबा सुटले होते. त्यांना ते कळलं, मला दिसलं. त्यांचे खांदे जरासे खाली आले, परीक्षा पुढे ढकलल्यावर मुलांचे येतात तसे. आत्या हात मांडीखाली दाबून बसली होती.

मग बाबांनी माझ्याकडे पाहिलं. आयुष्यभर अशा वेळी मी हसून त्यांना धीर दिलाय. या वेळी मी फक्त बघत राहिले. मोबाइल माझ्या मांडीवर होता, बंद. मी तो उघडणार नव्हते. हे त्यांनीच करायला हवं होतं.

बाबा उठले. घसा खाकरून, भिंतीकडे बघत म्हणाले, "दोर मी बांधले होते. ढील ठेवली नव्हती. वहीत मीच लिहिलं होतं, आणि वही फळीमागे मीच टाकली होती."

साहेबांनी ते लिहून घेतलं, वाचून दाखवलं, सही घेतली. बाबांचा परवाना टेबलावर ठेवून घेतला. आत्याचा परवाना कपाटातून काढून तिच्यासमोर सरकवला. तिनं तो लगेच उचलला नाही. आधी हात पुसले.

दुसऱ्या दिवशी साडेअकराच्या भरतीला आम्ही पुढच्या गावाच्या धक्क्याला लागलो. सुकाणूवर आत्या होती.

"टिटवे, दोर तू बांध," ती म्हणाली.

मिस्त्रीकाकांनी गाठ दाखवली, इतिहासमावशीनं 'हा धक्का कोणी बांधला माहितेय का' सुरू केलं. मी बांधलं आणि नव्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं. सारांश नाही, सगळं: '११.४०, पूर्ण भरती. दोन्ही दोर मी बांधले. ढील दहा फूट, आत्यानं तपासली.'

डेक आणि धक्का अगदी एका पातळीत होते. बाबा गावातून परत आले, दोन्ही हातांत कोन. एक पाय धक्क्यावर, एक उडी, आणि ते डेकवर होते. थेंबही सांडला नाही. हुबेहूब त्यांनी सांगितली होती तशी उडी.

"टिटवे," त्यांनी एक कोन पुढे केला.

मी दोराशी वाकले आणि दहा फूट पुन्हा एकदा मोजायला लागले. मागे डेकवर थेंब पडत होते. टप. टप. मी मोजत राहिले.